गात गात उडणाऱ्यांसाठी

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहते आणि पेटी शिकवते. माझे वडील हौशी नाटक मंडळींच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. त्यामुळे माझं लहानपण रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, त्यांच्या पायाशी बसून गेलं. तिथून नटांचे चेहरे नीट दिसत नसत. दिसायचे ते पाय, आणि पद सुरू होण्याआधी छातीत भरून घेतलेला श्वास अगदी जवळून ऐकू यायचा. मी सिनेमे अजूनही तशीच बघते, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या काही महिन्यांत मी बरेच चित्रपट पाहिले. नातू पाचवीत आहे आणि सुट्टीत आमच्याकडेच असतो. आमचा दोघांचा करार आहे: एका रात्री त्याच्या आवडीचा चित्रपट, दुसऱ्या रात्री माझ्या. त्याचे सगळे शक्तीवाले, उडणारे, भिंती फोडणारे. माझे सगळे गाणारे. तो माझी गाणी सुरू झाली की पाणी प्यायला उठायचा आणि मी त्याच्या मारामारीत भाजी निवडायची. हे पत्र लिहावंसं वाटलं ते एका रात्रीमुळे. त्या रात्री दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

तो चित्रपट होता ‘विकेड’, 2024 सालचा. जादू आहे म्हणून त्याला हवा होता, गाणी आहेत म्हणून मला. हिरव्या कातडीची एल्फाबा, लहानपणापासून सगळ्यांनी दूर ठेवलेली. तिच्यात शक्ती आहे हे कळल्यावर सत्तेवरच्या लोकांना ती हवीशी होते आणि ती त्यांचं ऐकत नाही म्हटल्यावर तेच लोक तिला दुष्ट ठरवतात. शेवटी ती झाडू घेऊन आकाशात झेपावते आणि झेपावताना गाते. माझं इंग्रजी बेताचं आहे, त्या गाण्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण कुठे तिने श्वास घेतला, कुठे तो मुद्दाम रोखून धरला आणि कुठे आवाज सोडून दिला, ते सगळं कळलं. नातवाने विचारलं, “आजी, उडताना गाताना तिला दम लागत नाही का?” मी त्याला सांगितलं की लागतो, आणि तो ऐकू येतो म्हणूनच अंगावर काटा आला. सिंथिया एरिवोने ही गाणी चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायली आहेत, तारांना बांधून वर उचललेलं असताना सुद्धा. आधी ध्वनिमुद्रण करून मग नुसते ओठ हलवले असते तर तो श्वास मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. मला एकदम आठवलं की गात गात आकाशात जाणारा माणूस आपल्याकडे फार आधी होऊन गेला आहे. मी त्याला प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवला. 1936 साल, दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि गळाही त्यांचाच. सुरुवातीला कृष्णधवल चित्र बघून त्याने नाक मुरडलं. मग शत्रूचे शिपाई शिवाजीराजांना धरायला कीर्तनात शिरतात आणि पांडुरंगाच्या कृपेने एकाच्या जागी अनेक शिवाजी दिसू लागतात, तिथे तो सतरंजीवर पुढे सरकून बसला. ही युक्ती त्याच्या आवडत्या सिनेमांत त्याने दहादा पाहिली असेल. ती नव्वद वर्षांपूर्वी पुण्यात, मराठीत, टाळमृदंगाच्या साथीने झाली होती हे त्याला खरंच वाटेना. आणि शेवटी विमान येतं, तुकोबा वर जातात. आवली खालीच राहते, संसारात. चित्रपट संपल्यावर त्याने शक्तींबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्याने विचारलं, “ती का नाही गेली?” त्यावर आम्ही झोपेपर्यंत बोलत होतो.

तर माझं म्हणणं हे आहे. शक्तीवाला चित्रपट आणि गाण्याचा चित्रपट ही एकाच घरातली भावंडं आहेत. माणूस उडत नाही हे प्रेक्षकाला माहीत असतं. भांडणाच्या ऐन मध्यावर माणूस थांबून यमनात आळवत नाही हेही माहीत असतं. तरी तो मान्य करतो, कारण समोरच्याच्या मनात जे चाललंय ते साध्या बोलण्यात किंवा साध्या चालण्यात मावत नाही. त्यासाठी करणाऱ्याला मात्र अजिबात लाज वाटून चालत नाही. पडद्यावरचा माणूस जरा जरी ओशाळला तरी खालचा प्रेक्षक लगेच मागे टेकतो. आमच्या मराठी माणसांना हा करार शंभर-सव्वाशे वर्षं पाठ होता. नायिका रागावली आहे, ती नायकाशी बोलणार नाही म्हणते आणि तेच ती वीस मिनिटं गाऊन सांगते. लोक वन्समोर देतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून रागावते! कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

आणि आज तुमच्या चित्रपटांत काय होतं? गाणं मागे वाजतं, माणूस पुढे चालत राहतो. तो एसटीच्या खिडकीतून बाहेर बघतो, ती गच्चीवर कपडे वाळत घालते, आणि त्यांच्या मनातलं कुणीतरी तिसराच गातो. गाणी गोड असतात, मी ती माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते सुद्धा. पण पात्राने स्वतः तोंड उघडून गावं याची तुम्हाला भीती वाटायला लागली आहे असं मला दिसतं. शौर्याचंही तसंच. ते दाखवायचं तर सतराव्या शतकात जायचं, असा नियमच झाल्यासारखा आहे. महाराजांवरचे आणि मावळ्यांवरचे चित्रपट मीही भरल्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पण त्या काळानंतर या मातीत अचाट काही करणारा माणूस जन्मलाच नाही का?

‘संगीत मानापमान’बद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ते नाटक आमच्या घरचं आहे असं मी मानते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, नाटक 1911 सालचं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. हेच टेंबे पुढे 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र झाले आणि स्वतः गायले. त्या काळी दुसऱ्याने गाण्याची सोयच नव्हती. नाटकातून बोलपटात जाताना आपल्या लोकांनी गळा बरोबर नेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गेल्या वर्षी जानेवारीत, 10 तारखेला, सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला. मी पहिल्या रविवारी गेले. आमच्या भागातल्या एका चित्रगृहात सकाळचा एकच खेळ होता आणि मोजून एकवीस माणसं. मला त्या चित्रपटाचा अभिमान वाटला, हे आधी लिहिते. एवढा मोठा पट, एवढी सुरेल माणसं, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत, आणि कुणीतरी 2025 साली हे करायचं धाडस केलं. ‘कट्यार काळजात घुसली’ 2015 मध्ये आला तेव्हाही मी अशीच भारावून बाहेर पडले होते. तेव्हा तर आमच्या चित्रगृहात लोकांनी तानेला टाळ्या दिल्या होत्या, सिनेमात! महेश काळे यांना त्यातल्या गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मी वर्गात पेढे वाटले.

पण ‘मानापमान’ बघताना मी खुर्चीत सारखी पुढे-मागे होत राहिले. पद रंगायला लागलं की ते आवरतं घेतलंय असं मला वाटायचं. जणू कुणीतरी मागून सांगतंय, आटपा, लोक कंटाळतील. तिकीट काढून सकाळी दहाला आलेली ती एकवीस माणसं पदासाठीच आली होती हो. नातवाच्या सिनेमांत मारामारी वीस-वीस मिनिटं चालते आणि ती कापा असं कुणी म्हणत नाही, कारण लोक त्यासाठीच येतात. पद ही आपली मारामारी आहे. धैर्यधर आणि भामिनी यांच्यात जी झुंज आहे ती तलवारीची नाहीच, ती गळ्याची आहे.

घरी नातवाला मी कथा सांगितली. भामिनी श्रीमंत बापाची मुलगी, धैर्यधर गरीब पण शूर सेनापती. ती त्याच्या गरिबीला हसते, त्याचा अपमान करते, मग खरं काय ते जोखायला वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याकडे जाते. नातू ओरडला, “म्हणजे सीक्रेट आयडेंटिटी!” अगदी तेच. आणि ‘शूरा मी वंदिले’ या पदाचा अर्थ सांगितल्यावर तो गप्प झाला. सेनापतीला यश मिळतं ते रणात पडणाऱ्या साध्या शिपायांच्या जोरावर, म्हणून तो त्या शूरांना वंदन करतो. मास्टर दीनानाथांनी हे पद गाजवलं. मी आजवर पाहिलेल्या शक्तीवाल्या चित्रपटांत असं गाणं म्हणणारा नायक मला भेटला नाही. तिथे इमारती कोसळतात आणि त्यांच्याखाली कोण होतं हे कुणी विचारत नाही.

अपवाद आहे, आणि तो नातवानेच दाखवला. 2025 चा ‘सुपरमॅन’. भलामोठा राक्षस शहर तुडवतोय आणि त्या गोंधळात हा माणूस एका खारीला उचलून बाजूला नेऊन ठेवतो. ते बघून माझ्या हातातली गवार हातातच राहिली. पुढच्या मारामाऱ्या मला आठवतही नाहीत, खार मात्र आठवते. संगीतात याला आम्ही जागा म्हणतो. तासभर गाणाऱ्याची एखादी जागा अशी लागते की घरी जाताना तेवढीच गुणगुणत जातो.

आता मल्याळम चित्रपटांकडे येते, कारण तुम्हाला हे पत्र लिहिण्यामागचं खरं दुखणं तिथे आहे. ‘मिन्नल मुरली’ आम्ही उशिराच पाहिला, तो 2021 चा. केरळातल्या एका खेड्यातला शिंपी, त्याच्यावर वीज पडते आणि शक्ती येते. त्याच रात्री तीच वीज आणखी एकावर पडते. तो चहाच्या टपरीवर राबणारा शिबू, गावाने वेडा म्हणून टाकलेला. एकाचा नायक होतो, दुसऱ्याचा खलनायक. शिबू ज्या बाईवर वर्षानुवर्षं मुक्याने प्रेम करत आला, ती त्याच्या दारात येते तेव्हा गुरु सोमसुंदरम या नटाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते बघून मी रडले. नातूही. खलनायकासाठी रडायचं असतं का, असं त्याने डोळे पुसत विचारलं. शिंप्याला नायकाचं नाव मिळतं तेही त्याच्या वडिलांच्या नाटकातून. एका खेड्यातल्या नाटकाचं पात्र वीस-पंचवीस वर्षांनी गावाला वाचवायला उभं राहतं. सांगा, ही गोष्ट सांगली-मिरजेची असायला नको होती का? विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावची?

मग ‘लोका’ पाहिला, 2025 चा, कल्याणी प्रियदर्शनचा. केरळात ज्या नीली यक्षीच्या नावाने मुलांना भीती घालत आले, तीच आजच्या बेंगळुरूत राहते आणि आपण तिची बाजू ऐकतो. मला हेवा वाटला, खरं सांगते. आपल्याकडे काय कमी आहे? नदीकाठी शेंदूर फासलेले सात दगड, त्या साती आसरा. विहिरीवर जाताना आजी आम्हाला त्यांची नावं घेऊ द्यायची नाही. चकवा आहे, वेताळ आहे, हडळ आहे. मुंजाही होता. तो 2024 मध्ये कोकणातून थेट हिंदी चित्रपटात गेला, आणि दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपलेच. चित्रपट चांगला चालला, मला आनंदच झाला. पण पिंपळावरचा आपला मुंजा मराठीत पहिल्यांदा का उतरला नाही, हा प्रश्न मी तुम्हालाच विचारणार.

पैसा नाही, असं तुम्ही म्हणाल. त्यावर मी मालेगावचं नाव घेते. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांच्या त्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. हिरव्या कापडासमोर, उसन्या सामानावर, आणि सुपरमॅन म्हणजे शफीक, यंत्रमागावरचा किडकिडीत कामगार. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रगृहांत आला. आम्ही तो दोनदा पाहिला. कर्करोगाने खचलेला शफीक एकदाचा उडतो, म्हणजे पडद्यावर उडतो, आणि सगळं गाव खुर्च्यांत बसून त्याला बघतं. नातवाला तिथे शक्ती कुठून आली हे समजावून सांगावं लागलं नाही. मालेगाव महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसांना जमलं ते तुम्हाला का जमू नये?

आणि तुम्ही प्रयत्नच केला नाही असंही नाही. 2015 च्या फेब्रुवारीत निखिल महाजन यांचा ‘बाजी’ आला होता. श्रेयस तळपदे, तोंडावर मुखवटा, मराठी नायक. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘कट्यार’. एकाच वर्षात मराठी चित्रपट उडायलाही बघत होता आणि गायलाही. तेव्हा मला वाटलं होतं की आता ही वाट रुंद होईल. ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे आजोबांच्या भूमिकेत उभे राहून स्वतः गायले, तेव्हा पुन्हा वाटलं. मध्ये वर्षं जातात हो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीच आता आया झाल्या.

मला तुमच्याकडून काय हवं आहे ते सांगते. एखाद्या तरी चित्रपटात नटाला चित्रीकरणात प्रत्यक्ष गाऊ द्या. मराठी रंगभूमीवर अभिनय आणि गाणं दोन्ही येणारी तरुण मुलं-मुली आजही आहेत, मी त्यांतल्या काहींना पेटीवर साथ केली आहे. सूर जरा हलला तर हलू दे. धावत आलेल्या माणसाचा सूर हलतोच. पद कापू नका. आणि शक्तीवाला नायक केलात तर त्याला मुंबईच्या उंच इमारतीवर उभा करू नका, त्याला गाव द्या, नदी द्या, पोटाला काम द्या. शिंप्याला शिवणयंत्र होतं म्हणून त्याचा पोशाख खरा वाटला.

एक गोष्ट माझ्या आणि नातवाच्या डोक्यात घोळते आहे. ती तुम्हाला देऊन टाकते, आम्हाला काही नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. माझ्या बहिणीला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून नावेत घेतलं, घेणारी मुलं कोण होती ते तिला आजही माहीत नाही. आमच्या गोष्टीत एक नावाडी आहे आणि एक वाळू उपसणारा. पुराच्या रात्री दोघंही आसरांच्या दगडांना धरून राहतात आणि दोघांनाही पाण्याची शक्ती मिळते, त्या मल्याळम विजेसारखी. नावाड्याची आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, म्हणून तो गातो. वाळूवाल्याला गाणं येत नाही, आणि त्याचं दुःख तिथेच आहे असं माझं मत.

आमचा वाद एका जागेवर अडला आहे. नावाड्याने मोठं पद कधी म्हणायचं? मी म्हणते, पाणी अडवताना, दोन्ही हात पसरून, तार सप्तकात. नातवाला ते पटत नाही. तो म्हणतो, पूर ओसरल्यावर म्हणू दे, शक्ती निघून गेलेली असेल, घरात गुडघाभर चिखल असेल आणि तो खराट्याने चिखल काढत असेल, तेव्हा. त्याने मला पायपेटीवर सूर धरायला लावला आणि हातात खराटा घेऊन अंगणात ते करून दाखवलं. काळी दोनमध्ये सुरू केलं, पण वाकून झाडताना त्याला सूर लागेना, म्हणून आम्ही पट्टी खाली आणली.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेची एक प्रेक्षक